साहेब, गवत चांगलं आलंय

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी गच्चीवरच्या कांद्याच्या रोपांचा फोटो काढून आबांना पाठवला. सात वाजून बारा मिनिटांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे एक कोंबडा आणि न चालू होणारा ट्रॅक्टर. "साहेब, गवत चांगलं आलंय. कांदा कुठं लावनार म्हनताय?"

चाळीस दिवस मी त्या 'गवता'ला झारीने पाणी घालतोय. त्यातले चार दिवस ताप अंगावर काढून. चहा तसाच गार झाला.

आबा माझे कोणी लागत नाहीत. भाऊबीज उरकल्यावर एका बियाण्याच्या दुकानात ते खताच्या गोणीवर बसले होते, एवढीच ओळख. मी तिथे गेलो होतो, कारण दसऱ्यानंतर पेरलेलं बी बारा दिवस झाले तरी वर आलं नव्हतं. सहा टब, सहाही कोरे. शेजारच्या विंगमधले लोक मला रिकाम्या मातीला पाणी घालताना बघायचे आणि हळू आवाजात बायकोची चौकशी करायचे.

"कांद्याचं बी हवंय," मी म्हणालो.

"कोणतं देऊ सर? भीमा शक्ती? फुरसुंगी?"

"कुठलंही. दहा ग्रॅम."

दुकानदाराचं कॅल्क्युलेटरवरचं बोट तिथेच थांबलं. "दहा काय?"

"ग्रॅम."

"अर्ध्या किलोचं पाकीट येतं, सर."

एका ग्रॅममध्ये कांद्याचं बी अडीचशे-तीनशे बसतं. म्हणजे अर्ध्या किलोत सव्वा ते दीड लाख. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला, अगदी मेंटेनन्स थकवलेल्यांनाही, हजार-हजार रोपं वाटली तरी काही उरलीच असती. हे गणित मी तोंडातल्या तोंडात करत होतो, तेवढ्यात गोणीवरून आवाज आला.

"क्षेत्र किती, साहेब?"

पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, करप्याच्या औषधाचं बिल व्हायची वाट बघत बसलेले. गाव जुन्नरकडचं.

"सहा टब," मी म्हणालो.

"टप? आंगुळीचं?"

"नाही, झाडं लावायचे. गच्चीवर."

आबांनी दुकानातल्या इतर तिघांकडे बघितलं. तिघांनी आपापल्या हातातल्या वस्तू खाली ठेवल्या.

"आन् आधीचं बी कवाचं व्हतं?"

"मागच्या वर्षीचं. थोडं उरलं होतं."

"ठिवलं कुठं?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण माणूस डॉक्टरसमोर आणि शेतकऱ्यासमोर उगाच खरं बोलतो. "स्वयंपाकघरात. गॅसच्या वरच्या फळीवर."

"गॅसवर!" आबांनी ही बातमी दुकानभर पोचवली. "मंग फोडणीत तरी टाकायचं." कांद्याचं बी दिसतं हुबेहूब कलौंजीसारखं, काळं आणि कोनदार, त्यामुळे हा विनोद सगळ्यांना लगेच कळला. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला समजवावं तशा आवाजात, "कांद्याचं बी लई नाजूक, साहेब. वर्स सरलं की त्याचा जीव जातो. त्यात वाफ लागली, मंग काय. आन् टाकलं किती खोल?"

मी बोटाचं अर्धं पेर... खरं तर दीड पेर दाखवलं.

"बी टाकलं का मयत पुरलं?"

दुकानदार हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं, कारण मी त्याचं गिऱ्हाईक होतो.

मग आबांनी पिशवीतून फडक्याची एक पुरचुंडी काढली. घरचं उळं. म्हणजे निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डोंगळे येऊ द्यायचे आणि त्यांची बोंडं वाळवून झोडपून काढलेलं स्वतःचं बी. हे ते लेकीच्या सासरी घेऊन चालले होते. त्यातलं चिमूटभर त्यांनी कालच्या पेपरच्या तुकड्यात बांधलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"किती झाले?" मी पाकीट काढलं.

"ह्याचं काय पैसं घ्यायचं? घरात लेकरं असत्याल. खेळत्याल."

मी बावन्न वर्षांचा आहे. घरातलं एकुलतं एक लेकरू चोवीस वर्षांचं असून बंगळुरात नोकरी करतं. पण दहा माणसांसमोर (तोवर दहा झाली होती) हे कुठे सांगत बसणार? अब्रू राखायला मी एक झारी विकत घेतली. दुकानदाराने बिलबुक उघडलं. झारीला कशाला लागतं कोण जाणे, पण नाव विचारलं, गाव विचारलं, मग तालुका विचारला. जन्म पुण्यात गेला, पण माझा तालुका कोणता हे मला बायकोला फोन करून विचारावं लागलं. तिलाही माहीत नव्हतं. क्षेत्राच्या रकान्यात त्याने काय लिहिलं ते मी घरी येऊन वाचलं: निरंक.

आणि आबांचं फुकटचं बी नवव्या दिवशी उगवलं! हाच तर खरा त्रास आहे.

कांदा उगवताना कसा दिसतो हे मी कधी बघितलं नव्हतं. सरळ नाहीच येत. मातीतून आधी त्याची पाठ वर येते, डोकं आणि पाय दोन्ही खालीच. गृहपाठ न केलेल्या पोरांचा अख्खा वर्ग अंगठे धरून उभा राहावा, तसा टब दिसत होता. दोन-तीन दिवसांनी एकेक जण ताठ होतो आणि शेंड्यावर बियाचं काळं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं. मी गुडघ्यावर बसून त्यातल्या काहींच्या टोप्या काढल्या. काढायच्या नसतात म्हणे. त्यावरही एक व्हॉइस मेसेज आला.

कारण दुकानातून निघताना आबांनी माझा नंबर घेतला होता. तेव्हापासून शिकवणी चालू आहे. धुई पडली तर पाणी सकाळी घाला. पिवळं दिसलं की मर लागली. थंडीत पात वाढते, उन्हं तापली की कांदा पोसतो, तोवर उपटून बघायचं न्हाई. (मी बघितलं होतं.) लेकीने बंगळुराहून फर्मावलं होतं, "बाबा, सांबारचे छोटे कांदे लाव." मी रात्री अकरापर्यंत वाचन केलं. ते कांदे बहुतेक कांद्यापासूनच लावतात, पण कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने बियापासून येणारं वाणही काढलंय. हे मी आबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "येवढासाच पायजे? मंग आमची चिंगळी न्या की. ती कोन इचारत न्हाई."

चिंगळी म्हणजे प्रतवारीत शेवटी उरणारा माल. गोल्टी त्याच्या एक पायरी वर. बाजारात तिचा भाव सांगताना आबांचा आवाज पहिल्यांदाच चेष्टेतून उतरला. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा त्यांचा लाल कांदा काढणीला होता. काढायची मजुरी तरी निघेल का, या हिशोबात पंधरा दिवस गेले म्हणाले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही चाळीस टक्के शुल्क मागे लावून. मला तो डिसेंबर आठवतो. आम्ही जेवताना टीव्ही बघत होतो आणि मी म्हणालो होतो, "चला, आता जरा स्वस्त होईल." ताटात कांदाभजी होती. साठ रुपये किलो झाला की आमच्या ग्रुपवर आरोळ्या ठोकतात, सहा रुपये झाला की कोणी 'शुभ सकाळ'सुद्धा म्हणत नाही. हे मी आबांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, त्यावर ते काय बोलतील ते मला पाठ आहे.

पण म्हणून माझ्या रोपांना गवत म्हणायचं? आणि तेही एकट्याला सांगून भागलं नाही. आत्ता नऊ वाजता लक्षात आलं, फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर गेलाय. एका अनोळखी नंबरवरून, बहुधा लेकीच्या सासरहून, विचारणा आली: "दादा, गाय पाळली का?"

मी फोटो मोठा करून बघितला. मग चष्मा लावून बघितला. मग गच्चीवर गेलो.

नर्सरीतून 'खात्रीची लाल माती' म्हणून ज्या चार गोण्या आणल्या, त्यात लव्हाळ्याच्या, म्हणजे त्या गवतासारख्या चिवट तणाच्या, गाठी फुकट आल्या असाव्यात. कांद्याची पात पोकळ असते आणि चुरगळली की वास मारते. पहिल्या टबातलं एक उपटलं, चुरगळलं, नाकाला लावलं. काही नाही. दुसऱ्यातलं, काही नाही. खालून कोणीतरी विचारलं, "काय हुंगताय काका?" मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या टबात कोपऱ्यातल्या एकाला वास आला. तिखट, अस्सल, डोळ्यांत पाणी आणणारा.

त्या एकट्याचाच जवळून फोटो काढून आबांना पाठवला आहे. दोन निळ्या खुणा आल्या आहेत. ट्रॅक्टर बहुधा चालू झाला असावा.