झाडूने मिळालेले सुवर्ण? जेनिफर जोन्स यांच्याविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

हिवाळी ऑलिंपिक जवळ आले की बर्फावर वाकून ब्रश घासणाऱ्या खेळाडूंच्या छायाचित्रासोबत एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. शब्द बदलतात, पण आशय साधारण असा असतो: कॅनडाच्या एका वकीलबाईंनी चाळिशीला टेकलेल्या वयात, घरी लहान मूल असताना, बर्फावर झाडू मारून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले आणि तेही एकही सामना न हरता, हा खेळ कॅनडाबाहेर कोणी मनापासून खेळतच नाही, त्यामुळे त्यांना कोणी प्रतिस्पर्धीच नव्हता, आपल्याकडच्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींना पाठवले असते तर त्यांनीही हे पदक आणले असते.

या वकीलबाई म्हणजे मॅनिटोबा प्रांतातील विनिपेगच्या जेनिफर जोन्स आणि हे पदक २०१४च्या सोची ऑलिंपिकमधील महिला कर्लिंगचे, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत लक्ष्याच्या मध्याजवळ थांबवण्याच्या खेळाचे. त्या वकील आहेत, सोचीत त्या ३९ वर्षांच्या होत्या, त्यांची मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती आणि त्यांचा संघ तिथे एकही सामना हरला नाही, एवढे सगळे खरे आहे. या खऱ्या तपशिलांतून जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र प्रत्येक टप्प्यावर चुकीचा आहे. शिवाय ज्या मावशींचे नाव त्यात घेतले जाते त्यांच्या कष्टांचीही त्यातून टवाळीच होते, हे मला अधिक खुपते.

आधी झाडूचा मुद्दा घेऊ, कारण बाकी सगळी इमारत त्यावर उभी आहे. कर्लिंगच्या संघात चार खेळाडू असतात आणि प्रत्येक डावात, म्हणजे ‘एंड’मध्ये, प्रत्येकी दोन असे संघाचे आठ दगड सोडले जातात; शेवटी ज्या संघाचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ असेल, त्याला प्रतिस्पर्ध्यापेक्षा जवळ असलेल्या प्रत्येक दगडाचा एक गुण मिळतो. सोचीतील कॅनडाच्या संघात डॉन मॅकइवेन लीड, जिल ऑफिसर सेकंड, केटलिन लॉज थर्ड आणि जोन्स स्किप होत्या; दगड सोडण्याचा क्रमही हाच. स्किप म्हणजे कर्णधार. ती बहुतेक वेळ पलीकडच्या टोकाला, ‘हाऊस’ म्हटल्या जाणाऱ्या वर्तुळांमध्ये उभी राहून बर्फ कुठे किती वळण देतो आहे याचा अंदाज घेते, प्रत्येक दगडाची दिशा आणि वेग ठरवते, आणि सगळ्यात शेवटी एंडचा निकाल ज्यांच्यावर अवलंबून असतो ते दोन दगड स्वतः सोडते. ते दगड चालू असताना घासण्याचे काम प्रामुख्याने लीड आणि सेकंड करतात. म्हणजे ‘झाडू मारून सुवर्ण’ हे वर्णन ज्यांच्याबद्दल केले जाते, त्या जोन्स संघात सर्वांत कमी घासणाऱ्या होत्या.

पण एवढ्यावर थांबलो तर ऑफिसर आणि मॅकइवेन यांच्यावर अन्याय होईल, कारण घासणे हे काम दुय्यम आहे असे त्यातून सूचित होते, आणि ते तसे नाही. कर्लिंगचा बर्फ काचेसारखा गुळगुळीत नसतो. सामन्यापूर्वी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवतात, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक खडबडीतपणा येतो आणि दगड त्या उंचवट्यांवरून सरकतो. ब्रश जोरात घासला की घर्षणाच्या उष्णतेने दगडासमोरचा बर्फ किंचित ऊबदार होतो, दगडाला होणारा अडथळा कमी होतो, तो अधिक लांब जातो आणि कमी वळतो. दगडाचे वजन जास्तीत जास्त २० किलोच्या आसपास असते, सोडण्याच्या जागेपासून लक्ष्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ३८ मीटर आणि हा प्रवास वीस-पंचवीस सेकंदांचा. तेवढ्या वेळात घासणाऱ्या दोघींना दगडाचा वेग ओळखून तो कुठे थांबेल हे स्किपला ओरडून सांगायचे असते आणि शरीराचा भार ब्रशवर टाकून दगडाच्या पुढे पुढे सरकत राहायचे असते. घासण्याला किती किंमत आहे हे २०१५-१६च्या हंगामात सगळ्या जगाला कळले. काही ब्रशांच्या नव्या कापडामुळे दगड हवा तसा वळवता येतो अशा तक्रारी आल्या, अनेक अव्वल संघांनी ते कापड न वापरण्याचे जाहीर केले, आणि शेवटी जागतिक महासंघाला ब्रशच्या कापडासाठी नियम करावे लागले. ‘ब्रूमगेट’ या नावाने हे प्रकरण ओळखले जाते. घासण्याने काही फरक पडत नसता, तर कापडावरून एवढा वाद होण्याचे कारणच नव्हते.

दुसरा मुद्दा वयाचा आणि मातृत्वाचा. चाळिशीजवळची आई जिंकू शकते, म्हणून खेळ सोपा, असा हा तर्क आहे. कर्लिंगमध्ये अनुभवाला मोठे मोल आहे आणि त्यामुळे खेळाडूंची कारकीर्द लांबते, हे मी मान्य करतो. परंतु जोन्स यांच्या बाबतीत हे वय आपोआप आलेले नव्हते. विनिपेगच्या सेंट व्हायटल क्लबमध्ये लहानपणी सुरू झालेला त्यांचा खेळ १९९४मध्ये कॅनडाच्या ज्युनिअर विजेतेपदापर्यंत पोहोचला, आणि त्या संघातही जिल ऑफिसर होत्याच. सोचीचे सुवर्ण त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी आले. २०१२मध्ये जोन्स यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलीचा जन्म झाला. त्या काळात संघाचे नेतृत्व केटलिन लॉज यांनी केले. गुडघ्याची ही गोष्ट किरकोळ नव्हे. दगड सोडताना खेळाडू एक पाय पूर्ण दुमडून, जवळजवळ बर्फाला टेकून, घसरत पुढे जाते आणि सगळा तोल त्या दुमडलेल्या गुडघ्यावर असतो. बाळंतपणानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०१३मध्ये, जोन्स किंग्स्टन येथे कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, म्हणजे स्कॉटीजच्या, अंतिम सामन्यात उतरल्या आणि रेचल होमन यांच्या संघाकडून हरल्या. ज्या तपशिलावरून खेळ सोपा ठरवला जातो, तोच तपशील मला या कारकिर्दीतील सर्वांत अवघड वर्षाचा पुरावा वाटतो.

आता मुख्य मुद्दा: कॅनडाला प्रतिस्पर्धीच नाहीत. महिला कर्लिंग ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून १९९८मध्ये नागानोला आले. तेव्हापासून २०२२पर्यंत सात स्पर्धा झाल्या. त्यांत कॅनडाला सुवर्ण फक्त दोनदा मिळाले, १९९८मध्ये सँड्रा श्मर्लर यांच्या संघाला आणि २०१४मध्ये जोन्स यांच्या संघाला. स्वीडनने तीनदा आणि ब्रिटनने दोनदा सुवर्ण जिंकले. मधल्या काळात कॅनडाच्या वाट्याला २००२ आणि २००६मध्ये कांस्य आले, २०१०मध्ये मायदेशी व्हँकुव्हरला अंतिम सामन्यात जादा एंडमध्ये स्वीडनकडून पराभव आला, आणि २०१८मध्ये तर होमन यांचा संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. प्रतिस्पर्धी नसलेल्या देशाचा आलेख असा नसतो.

खुद्द जोन्स यांचे दुसरे ऑलिंपिक पाहावे. २०२२मध्ये बीजिंगला त्यांचा संघ साखळीत पाच सामने जिंकला आणि चार हरला. ब्रिटन आणि जपान यांचीही कामगिरी तशीच होती. या तिघांत परस्परांविरुद्धचे निकालही सारखे पडल्याने निर्णय झाला तो सामन्यांपूर्वी घेतल्या जाणाऱ्या एका चाचणीवर, जिच्यात दगड लक्ष्याच्या मध्यापासून सरासरी किती अंतरावर थांबला हे मोजले जाते. त्या मोजमापात कॅनडा मागे पडला आणि बाहेर गेला. जे दोन संघ पुढे गेले, त्यांपैकी ब्रिटनने सुवर्ण आणि जपानने रौप्य जिंकले. दगड थोडासा जवळ किंवा दूर थांबण्याने कोण घरी जाणार आणि कोणाच्या गळ्यात पदक पडणार हे ठरते, इतकी चुरस या खेळात आहे.

आणि तरीही खरी झुंज कॅनडाबाहेर नसून कॅनडातच असते, हे फिरणाऱ्या मजकुराला माहीतच नाही. ऑलिंपिकला एका देशातून एकच संघ जातो आणि कॅनडात तो स्वतंत्र निवड स्पर्धेतून ठरतो. २००८ची जागतिक विजेती आणि सलग दोन वर्षांची राष्ट्रीय विजेती म्हणून जोन्स २००९च्या अखेरीस एडमंटनच्या निवड स्पर्धेत उतरल्या, आणि तिथे त्यांना बाद फेरीही गाठता आली नाही; व्हँकुव्हरला शेरिल बर्नार्ड यांचा संघ गेला. त्यानंतर जोन्स यांनी २०१०ची राष्ट्रीय स्पर्धा पुन्हा जिंकली आणि लगेच, चारही विजेतेपदांत सोबत असलेल्या थर्ड कॅथी ओव्हर्टन-क्लॅपहॅम यांना संघातून काढून तरुण लॉज यांना घेतले. त्या निर्णयावर कॅनडात बरीच टीका झाली. ज्या सहकारिणीबरोबर नुकतेच विजेतेपद मिळवले तिला असे दूर करणे कठोरच होते, असे माझेही मत आहे, आणि पुढच्याच राष्ट्रीय स्पर्धेत ओव्हर्टन-क्लॅपहॅम यांनी मॅनिटोबाचे नेतृत्व करत जोन्स यांच्या संघाला हरवले. पण विरंगुळा म्हणून खेळणाऱ्या माणसांमध्ये असे निर्णय होत नाहीत.

त्या बदलानंतरची वर्षे तर बोलकी आहेत. २०११मध्ये सस्कॅचेवानच्या अँबर हॉलंड यांनी जोन्स यांना अंतिम सामन्यात हरवले, २०१२मध्ये अल्बर्टाच्या हेदर नेडोहिन विजेत्या ठरल्या, २०१३ आणि २०१४मध्ये होमन. म्हणजे सोचीपूर्वीच्या चार वर्षांत जोन्स यांना स्वतःच्या देशाचे विजेतेपद एकदाही मिळाले नव्हते. डिसेंबर २०१३मध्ये विनिपेगला, आपल्याच गावच्या प्रेक्षकांसमोर, शेरी मिडॉ यांच्या संघाला अंतिम सामन्यात हरवून त्यांनी ऑलिंपिकची जागा मिळवली. २०१७मध्ये तीच जागा पुन्हा हुकली आणि होमन प्याँगचँगला गेल्या. होमन यांचा संघ ऑलिंपिकच्या तयारीत असल्याने त्या हंगामाच्या राष्ट्रीय स्पर्धेत नव्हता, हे सांगायलाच हवे. ती स्पर्धा जोन्स यांनी जिंकली आणि ऑलिंपिकनंतर महिन्याभरात नॉर्थ बे येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांचा संघ चौदाच्या चौदा सामने जिंकला. अंतिम सामना जादा एंडमध्ये ७-६ असा संपला, आणि समोर होता आना हासेलबोरी यांचा स्वीडिश संघ, म्हणजे नुकताच ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आलेला. देशातून ऑलिंपिकला जाऊ न शकलेला संघ ऑलिंपिक विजेत्यांना हरवून जगज्जेता होतो, यावरून त्या देशातील निवड किती खडतर असेल याचा अंदाज यावा.

सोचीत एकही सामना हरावा लागला नाही, म्हणून सामने सोपे होते, या युक्तिवादाकडेही याच प्रकाशात पाहिले पाहिजे. जोन्स यांच्यापूर्वी ऑलिंपिकमध्ये कोणताही महिला संघ अपराजित राहिला नव्हता. साखळीत नऊ सामने, उपांत्य फेरीत ईव्ह म्यूरहेड यांच्या ब्रिटिश संघावर ६-४, आणि अंतिम सामन्यात मार्गारेटा सिगफ्रिडसन यांच्या स्वीडनवर ६-३. म्यूरहेड त्या वेळी जगज्जेत्या होत्या आणि स्वीडनचा संघ आधीची सलग दोन वर्षे जागतिक उपविजेता होता. अंतिम सामन्याचा ६-३ हा आकडा एकतर्फी वाटतो, पण नवव्या एंडमध्ये शेवटचा दगड स्वीडनच्या हाती असताना कॅनडाने दोन गुण हिसकावून घेतले, तेव्हा कुठे सामना फुटला. शेवटचा दगड ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे ‘हॅमर’ आहे असे म्हणतात. एंडमधला सर्वांत मोठा फायदा तोच. हॅमर नसलेल्या संघाने गुण मिळवण्याला कर्लिंगमध्ये ‘चोरी’ म्हणतात. पण ही चोरी आयती मिळत नाही: आपले दगड असे पेरावे लागतात की समोरच्याला शेवटच्या दगडासाठी एकच अवघड वाट उरेल.

राहिला ‘कोणालाही जमेल’ हा मुद्दा. त्यासाठी २७ फेब्रुवारी २००५चा एक दगड पुरेसा आहे. न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे स्कॉटीजचा अंतिम सामना होता आणि दहाव्या, शेवटच्या एंडमध्ये जोन्स यांचा संघ ऑन्टॅरिओच्या जेन हॅना यांच्यापेक्षा ६-४ असा मागे होता. मध्याजवळ बसलेला हॅना यांचा दगड पुढच्या दगडांच्या आड असा झाकलेला होता की सरळ वाटेने त्याला स्पर्श करणे शक्य नव्हते. जोन्स यांनी आपला शेवटचा दगड बाजूला असलेल्या ऑन्टॅरिओच्याच दुसऱ्या दगडावर मारला, तिथून तो आत वळला आणि त्याने मध्याचा दगड उडवला. एकाच फटक्यात चार गुण मिळाले आणि सामना ८-६ असा संपला. आपल्याकडे कॅरम मन लावून खेळणारा कोणीही या कोनाची किंमत जाणतो. फरक एवढाच की येथे सोंगटी ग्रॅनाइटची आहे, लक्ष्य अडतीस मीटर दूर आहे आणि हातून सुटलेला दगड वाटेत स्वतःच वळत जाणारा आहे. कॅनडात आजही नुसते ‘द शॉट’ म्हटले की कर्लिंगच्या चाहत्यांना हाच फटका आठवतो. जोन्स यांच्या सहा राष्ट्रीय विजेतेपदांपैकी ते पहिले होते. पुढची २००८, २००९, २०१०, २०१५ आणि २०१८ची.

‘चाळिशीला टेकलेली बाई’ असे ज्यांच्याबद्दल २०१४पासून म्हटले जाते, त्या त्यानंतर आणखी दहा वर्षे याच पातळीवर खेळल्या. बीजिंगनंतर त्यांनी २०२०च्या ज्युनिअर जगज्जेत्या मुलींबरोबर नवा संघ बांधला आणि २०२३च्या स्कॉटीजमध्ये तो उपविजेता ठरला. चार खेळाडूंच्या महिला स्पर्धांमधून निवृत्त होण्याचे जाहीर केल्यावर, फेब्रुवारी २०२४मध्ये कॅल्गरीला, ४९ वर्षांच्या जोन्स विशीतल्या सहकारिणींसह पुन्हा एकदा अंतिम सामन्यात होत्या. समोर त्याच होमन होत्या, ज्यांच्याकडून त्या अकरा वर्षांपूर्वी किंग्स्टनला, तान्ह्या मुलीची आई असताना, हरल्या होत्या. या वेळीही होमन जिंकल्या, ५-४ असे, एका गुणाने.