अकरा मुलांची टक्केवारी

‘निकाल शंभरावरून 82 टक्क्यांवर, पट निम्म्यावर, आणि तुम्ही अजून शाळेच्या आठवणींचे कढ काढताय,’ असं तुम्ही आमच्या मराठी शाळेवरच्या माझ्या लेखाला उत्तर देताना लिहिलंत. कढ काढलेत, कबूल. पण त्या 82 कडे जरा जवळून बघू या.

आमच्या कोळीवाड्यातल्या या मराठी शाळेतून यंदा दहावीला 11 मुलं बसली. दोघं गणितात राहिली. झाले 82 टक्के. त्यातल्या एकाला मी ओळखतो. आई पहाटे चारला ससून डॉकला मासळी घ्यायला जाते. मग धाकट्या बहिणीला उठवायचं, तिची वेणी घालायची, तिला वर्गात सोडायचं आणि हा स्वतःच्या वर्गात पोचणार दुसऱ्या तासाला. त्या एकट्याच्या गणितावर शाळेचे नऊ टक्के टांगलेले! पाचशे मुलांच्या शाळेत त्याचं नापास होणं कोणाच्या खिजगणतीत नसतं.

शिकवणं बिघडलं म्हणून मुलं गेली, हे तुमचं म्हणणं. मी पाहिलं ते उलट. आधी मुलं गेली. कोणी इंग्रजी माध्यमात, कोणी भाडं झेपेना म्हणून विरार-बदलापूरला. मग संचमान्यता आली, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 वं मूल आलं की तिसरा. आमचा पट 58 वर आला आणि तिसऱ्या बाई ‘अतिरिक्त’ ठरल्या. उरलेल्या दोघींपैकी एक बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदार याद्या घेऊन दारोदार. त्या दिवसांत एकदा खिडकीतून डोकावलो. बाईंनी फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून पाच रकाने केले होते. पहिल्यात हातच्याशिवायची बेरीज, शेवटच्यात अपूर्णांक. पाचवीतला एक मुलगा पहिलीवाल्यांची पाटी तपासत होता. हे बघून एखादी आई दाखला काढायला आली, तर तिला काय सांगणार?

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, हा तुमचा टोमणाही बरोबर बसला. पट घटवण्यात आमच्या घराचा वाटा आहेच.

‘बंद करा आणि मुलं जवळच्या मोठ्या शाळेत हलवा’ हे मात्र कागदावरच सोपं. मुंबईत पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. जवळ शाळा आहे म्हणजे जवळ मराठी शाळा आहे असं नाही. आमच्या मुलांसाठी पुढची मराठी शाळा हमरस्त्यापलीकडे, बसने दोन थांबे. वेणी घालून झाल्यावर त्या धाकटीला तिथवर सोडायचं कोणी?

एक चूक माझीही. ‘निकाल घसरला’ हे शब्द मूळ लेखात मीच वापरले होते, तुम्ही ते तिथूनच उचललेत. आज ते काढून ‘11 पैकी दोन मुलं गणितात राहिली’ असं केलंय. वेणी घालणारा पुरवणी परीक्षेला बसतोय. रात्री जेवणं झाली की माझ्याकडे येतो, सध्या वर्गसमीकरणं चालू आहेत.