डिझेल वेगळं

आकडा मी रात्रीच काढून ठेवला होता. ७५ हजार. कराडच्या एका मंगल कार्यालयाला बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं, मामाच्या ओळखीतून काम आलं होतं, आणि तास, दर, चुका दुरुस्त करायचे दिवस असं सगळं धरून तो आकडा आला होता. सकाळी स्वारगेटला एसटीत बसलो तेव्हाही तो शाबूत होता. शिरवळला वाटलं, ७० सांगू, उगाच मामाचं नाव खराब नको. खंबाटकीचा घाट गाडी चढत गेली तसा भाव उतरत गेला. साताऱ्याला ६०, उंब्रजला ५०. कार्यालयात पोचलो तर लग्न चालू होतं. मालक आबा म्हणाले, "या इंजिनिअर, आधी जेवून घ्या," आणि मठ्ठ्याची दुसरी वाटी संपेपर्यंत मी ४० वर आलो होतो. आबांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

उघडलं तेव्हा विचारलं, "बिल जीएसटीचं का?"

मी सांगितलं, माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, मला नोंदणीच लागत नाही.

"म्हंजे बिनजीएसटीचं! मग १८ टक्के कमी करा की."

जो कर मी लावलाच नव्हता, तो त्यांनी कापून घेतला. राहिले ३२,८००. वरचे ८०० बडीशेप खाता खाता गेले.

काम काय, तर आबांच्या टेबलामागे भिंतीवर एक दिनदर्शिका होती, तेवढी कॉम्प्युटरवर आणायची. त्या दिनदर्शिकेला मी आज मनापासून हात जोडतो. पेन्सिलीने लिहिलेलं नाव म्हणजे नुसता शब्द दिलाय, निळ्या पेनाने म्हणजे ॲडव्हान्स आला, लाल म्हणजे पूर्ण पैसे मिळाले. चौकटीत तिरकी रेघ असली की सकाळी एकाचं लग्न आणि संध्याकाळी दुसऱ्याचं रिसेप्शन. खिळ्याला सुतळीने खोडरबर बांधलेला. या खोडरबराचं काम सॉफ्टवेअरमध्ये बसवायला मला चार दिवस लागले, आणि तरी तो जास्त स्वच्छ पुसतो असं आबांचं आजही मत आहे.

मुदत तुळशीच्या लग्नाची. त्यानंतर मुहूर्त सुरू होतात, पुढे आबांना श्वास घ्यायला वेळ नसतो. मला वाटलं, जमेल. मग फोन सुरू झाले. आबांचा प्रत्येक फोन "तेवढं एक" या शब्दांनी सुरू व्हायचा.

तेवढं एक, जुनी नावं आत घ्यायची होती. "दहा मिनिटांचं काम हाय, कॉपी-पेस्ट." बारा वर्षांची यादी होती, आणि ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नव्हती. जुन्या मराठी फॉन्टात पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि मधेच एखादं डॉलरचं चिन्ह भरलेलं असतं. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. माझ्या पहिल्या प्रयत्नात यच्चयावत शिंद्यांची वेलांटी सुटून वाऱ्यावर गेली आणि बर्गे मंडळी 'बगेर्' झाली. बर्ग्यांचा फोनही आला म्हणे. दहा मिनिटांचं ते काम नऊ दिवस चाललं.

तेवढं एक, लग्नाच्या दिवशी वधूपित्याला शुभेच्छांचा एसएमएस जायला हवा होता. मी समजावलं की ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे, असे मेसेज पाठवायचे तर आधी तुमची नोंदणी करावी लागते आणि मेसेजचा मजकूरही मंजूर करून घ्यावा लागतो. आबा थोडा वेळ गप्प राहिले. "शुभेच्छा द्यायला मंजुरी?" मधले पैसे मीच खातोय असा तो आवाज होता. शिवाय त्यांच्या मेहुण्याचा मुलगा कॉलेजात होता आणि हे सगळं पाच हजारांत करतो म्हणत होता. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हा मुलगा असतोच. तो कधी दिसत नाही, कधी काही करत नाही, पण त्याचा दर सगळ्यांना पाठ असतो.

शेवटचे दहा हजार "आषाढ लागला की" मिळणार होते. आषाढ लागला, म्हणून मी पुन्हा कराडला गेलो. पुढच्या हंगामाचं बुकिंग करायला मुलीचे एक वडील आले होते. मी कोपऱ्यात बसून ऐकत राहिलो.

"हॉलचे ८० हजार."

"त्यात काय काय आलं, आबा?"

"हॉल."

मग यादी निघाली. सफाई वेगळी. पाण्याचा टँकर वेगळा. गॅसच्या टाक्या मोजून. वाटी हरवली तर वाटीचे, रात्री दहानंतर थांबलात तर तासाचे. जनरेटर आमचा, डिझेल वेगळं. मुलीचे वडील काकुळतीला येऊन म्हणाले, "आबा, तेवढं डिझेल धरा की त्यातच."

आबा साखरेसारखं हसले. "पावणं, लाईट जाणार का न्हाई, ते माझ्या हातात हाय का?"

बारा वर्षं कोडिंग करून मला जे सुचलं नव्हतं, ते हा माणूस खुर्चीत बसून पान लावता लावता सांगत होता. मी जाताना त्यांच्या छापील दरपत्रकाचा फोटो काढला.

दहा हजार मिळाले. वर आबांच्या भावाच्या लॉनसाठी मोबाइल ॲपचं कामही निघालं. या वेळी मी कागदच पुढे केला. ॲपचे ६० हजार. जुनी नावं साफ करणे नगावर. ॲप स्टोअरवर ठेवण्याचे ॲपलचे दर वर्षी ९९ डॉलर आणि गूगलचे एकदाच २५ डॉलर ज्याचे त्याने भरणे. रात्री दहानंतरच्या फोनला वाढीव दर. 'तेवढं एक' प्रत्येकी दीड हजार. निम्मे पैसे आगाऊ, त्याशिवाय तारीख पक्की नाही.

आबांनी चष्मा लावला. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"ह्ये डिझेल कशाचं?"

त्यांच्या दरपत्रकावरून उतरवताना ती ओळ खोडायची राहून गेली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "आसंल. लागत आसंल." मग उठले, दिनदर्शिकेवर तुळशीच्या लग्नाची चौकट शोधली आणि तिच्यात माझं नाव लिहिलं. पेन्सिलीने.