प्लेगची फाइल

गुरुवारी दुपारी आमच्या लॅबमध्ये प्लेग आला. आला तो फक्त माझ्या स्क्रीनवर, पण हिशेब विभागातले काका नेमके तेव्हाच माझ्या खुर्चीमागे उभे होते.

काका माझी रॅमची फाइल परत करायला आले होते. क्रॅकेन-2 हे सॉफ्टवेअर नमुन्यातल्या डीएनएवर 35 अक्षरांची चौकट सरकवत नेतं आणि कुठला तुकडा कुठल्या जंतूचा, ते डेटाबेसात शोधतं. तो डेटाबेस अख्खा मेमरीत मावावा लागतो, म्हणून 128 जीबी मागितली होती. काकांचा शेरा: ‘मोबाइलमध्ये 8 जीबीत सर्व कामे होतात. खुलासा करावा.’

“मॅडम, हे पेस्टिस काय? पेस्ट कंट्रोलचं का?”

“नाही हो, यर्सिनिया पेस्टिस. प्लेग.” इथे मी गप्प बसायला हवं होतं.

काका दोन पावलं मागे. “किती?”

“एक्केचाळीस लाखांत नऊ.”

“नऊ जण गेले?”

“जण नाहीत काका, तुकडे.”

“तुकडे झाले?”

“डीएनएचे! सांडपाण्यातल्या. याचे भाऊबंद इतके सारखे दिसतात की गल्लत होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोत 2015 साली असंच प्लेगचं नाव निघालं, गाजावाजा झाला, मग संशोधकांना खुलासा करावा लागला.”

“म्हणजे खुलासा लागतोच,” काका म्हणाले. “आणि पुण्याला न्यूयॉर्कचं काय सांगता? 1897 आठवा. रँडसाहेब घराघरांत शिरला होता.”

जसं काही रँडला मीच बोलावलं होतं.

खरं सांगू? मोठा डेटाबेस मावत नाही म्हणून मी 8 जीबीत बसणारा छाटलेला वापरते. छाटलं की अचूकता घटते. म्हणजे हा प्लेग काकांच्याच शेऱ्यातून आला असण्याची शक्यता बरीच. हे मी त्यांना ऐकवणार होते, पण ते तोवर कॅन्टीनला पोचले होते.

तेव्हापासून माझ्या टेबलावर कुणी डबा उघडत नाही. चहावाला पोऱ्या कप दारातच ठेवून पळतो. त्या नऊ तुकड्यांची पुन्हा तपासणी करण्यात माझा शनिवार गेला, त्याचं कुणाला काही नाही. निघाले कोण? प्लेगचे निरुपद्रवी चुलत भाऊ.

काका सोमवारी मास्क लावून आले. फाइल त्यांच्याच टेबलावर आहे, वर सॅनिटायझरची बाटली ठेवलेली.