परदेशातला जुना घटस्फोट : सर्टिफिकेट नको, डिक्री मागा

दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायची असते, पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचं असतं, नाहीतर कुणी गेल्यावर वारसांची यादी करायची वेळ येते. मग तीस वर्षांपूर्वी परदेशात झालेला घटस्फोट कपाटातून बाहेर काढावा लागतो. समोरच्या कारकुनाला हवी असते डिक्री, म्हणजे घटस्फोट देणारा कोर्टाचा आदेश. तो विचारतो, "डिक्री कुठाय?" आणि पुढे केलं जातं ते तिथल्या वकिलाच्या जुन्या पत्राचं झेरॉक्स.

त्यानंतर लोक अपोस्टिलच्या, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी प्रमाणनाच्या, मागे धावतात. माझ्या मते हा उलटा क्रम आहे. अपोस्टिल एवढंच सांगतं की कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर घटस्फोट सिद्ध करतो की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधी कागद कोणता हवा ते ठरवा, शिक्क्याचं नंतर बघू.

सगळ्यात जास्त घोळ इंग्लंडच्या कागदांत होतो. तिथे जुन्या पद्धतीत दोन आदेश निघायचे. पहिला 'डिक्री नायसाय', म्हणजे घटस्फोट द्यायला हरकत नाही एवढंच. लग्न संपायचं ते दुसऱ्या आदेशाने, 'डिक्री अ‍ॅब्सोल्यूट'ने, आणि त्यासाठी किमान सहा आठवडे थांबून वेगळा अर्ज करावा लागायचा. अनेकांकडे फक्त पहिला कागद असतो. कधी दुसरा हरवलेला असतो, कधी तो अर्ज कुणी केलेलाच नसतो. दुसऱ्या प्रकारात लग्न आजही कायम आहे! अर्ज अजूनही करता येतो, पण नायसायला १२ महिने उलटून गेले असतील तर उशीर का झाला ते लेखी द्यावं लागतं. ६ एप्रिल २०२२ पासूनच्या नव्या अर्जांत हीच जोडी 'कंडिशनल ऑर्डर' आणि 'फायनल ऑर्डर' या नावांनी येते.

कोर्ट आणि केस नंबर माहीत असेल तर त्याच कोर्टाकडून प्रत मागवा, स्वस्तात काम होतं. माहीत नसेल तर डी-४४० हा फॉर्म भरून मध्यवर्ती शोध घ्यायला सांगावं लागतं. नोंदी १८५८ पासूनच्या आहेत. फी मात्र शोधाच्या दर दहा वर्षांमागे लागते, म्हणून 'साधारण नव्वदीत कधीतरी' असं न लिहिता आधी घरातल्या पत्रांवरून, पासपोर्टच्या शिक्क्यांवरून साल जवळ आणा. नावं तेव्हाची लिहा, बाईंचं माहेरचं आडनावही द्या. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतंच. ग्लासगोत झालेला घटस्फोट या शोधात सापडणार नाही, कारण स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे, १ मे १९८४ पासूनची.

अमेरिकेत राष्ट्रीय नोंदवही नाहीच. घटस्फोट ज्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टात झाला, तिथल्या क्लार्ककडेच, म्हणजे कोर्टाचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडेच, खरी डिक्री असते. राज्याच्या आरोग्य खात्याकडून जे मिळतं ते बहुधा दुय्यम असतं. टेक्सास १९६८ नंतरच्या घटस्फोटांसाठी नुसतं पडताळणीपत्र देतं. कॅलिफोर्नियाचं खातं फक्त १९६२ ते जून १९८४ मधल्या घटस्फोटांचं 'नोंद आहे' इतकं प्रमाणपत्र देतं. न्यूयॉर्कमध्ये राज्याचं सर्टिफिकेट १९६३ पासूनचं मिळतं, पण कोर्टाची फाईल शंभर वर्षं बंद असते. ती दोघा पक्षकारांना आणि त्यांच्या वकिलांनाच बघता येते, त्यामुळे तिथल्या भाच्याला पाठवणार असाल तर नोटराइझ केलेलं अधिकारपत्र सोबत द्या. अपोस्टिलही त्या त्या राज्याकडून घ्यायचं. वॉशिंग्टनला, म्हणजे केंद्र सरकारकडे, पाठवलेली काउंटीची डिक्री तशीच परत येते.

कॅनडात १९६८ पासूनची एक मध्यवर्ती नोंदणी ओटावात आहे. ती कोर्ट कोणतं ते सांगते, डिक्री मात्र त्या प्रांताच्या कोर्टाकडूनच घ्यायची. जर्मनीच्या निकालपत्रावर तो अंतिम झाल्याचा शेरा, 'रेख्ट्सक्राफ्टफेरमेर्क', असलाच पाहिजे. नसेल तर त्याच कोर्टाच्या कार्यालयातून मारून घ्या. जर्मनीचं आणखी एक : भारत १४ जुलै २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. म्हणून या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. तिथल्या यंत्रणेकडून प्रमाणन आणि मग भारतीय वकिलातीचा शिक्का, असा लांबचा रस्ता आहे.

आता इथली बाजू. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४ म्हणतं की परदेशी निकालाची प्रमाणित प्रत हजर केली की ते कोर्ट सक्षम होतं असं गृहीत धरायचं. पण परदेशी निकाल इथे कधी मानायचा नाही, याचे सहा अपवाद कलम १३ मध्ये आहेत. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेच्या मिसुरी राज्यातला घटस्फोट मानला नाही. तिथे कागदाचाही मुद्दा होता : क्लार्कने प्रमाणित केलेली फोटोप्रत मुळात चालली असती, पण तिच्यावर अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणन नव्हतं. म्हणून प्रकरण कोर्टात जायची शक्यता असेल तर हा मुद्दा वकिलाशी आधीच बोलून घ्या.

याच निकालामुळे मी सांगतो, एकट्या डिक्रीवर थांबू नका, फाईल मागवा. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर प्रश्न येतो की दुसऱ्या बाजूला समन्स पोचलं होतं का, ती हजर राहून लढली का, तिने संमती दिली का. याची उत्तरं डिक्रीच्या एका पानात नसतात. ती मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा आणि संमतीपत्र यांत असतात. निकाल एकतर्फी असेल आणि समोरच्याची संमती कुठेच दिसत नसेल, तर शिक्के गोळा करण्यात वेळ घालवू नका. कौटुंबिक न्यायालयाकडे वैवाहिक स्थितीची घोषणा मागता येते, फॅमिली कोर्ट्स अ‍ॅक्ट १९८४ च्या कलम ७ खाली.

प्रमाणित प्रती दोन मागवा, एखादं कार्यालय एक ठेवूनच घेतं. आणि झेरॉक्ससाठी त्यांचे स्टेपल काढू नका. पानं एकदा सुटी झाली की मधलं एखादं बदललं असेल अशी शंका घेऊन समोरचा ती परत करू शकतो, आणि मग पुन्हा तीच फी, तोच टपालाचा खर्च.