34 ची पँट

गेली सात-आठ वर्षं मी कपड्याच्या दुकानात मोठ्या ऐटीत सांगतोय, "34 दाखवा." आणि ती बसतेही, फक्त पोटाची हद्द जिथे संपते त्याच्या खाली बसते, वरचा मुलूख तिच्या अखत्यारीत येतच नाही.

सगळं सुखात चाललं होतं, तेवढ्यात ऑफिसात हेल्थ चेकअप निघालं आणि टेप घेऊन एक मुलगी आली. मी म्हटलं 34 लिहा. "काका, पँटचा नंबर नको, कंबर हवीय." (काका! 44 चा आहे हो मी, पण जाऊ दे.) तिने शेवटची बरगडी चाचपली, मग कमरेचं हाड शोधलं, ते बराच वेळ सापडेना, आणि दोघांच्या बरोबर मधे टेप लावली. मी अर्थातच पोट आत ओढून उभा. ती शांतपणे म्हणाली, "श्वास सोडा काका, मी थांबते." किती वेळ धरणार माणूस, सोडला. 104 सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना 90 पर्यंत चालतं म्हणे.

मग उंची 168, वजन 84, बीएमआय 29.8. मी खूश, कारण लठ्ठ 30 पासून असं कुठेतरी वाचलेलं, 0.2 ने का होईना सुटलो! तर म्हणे तो आकडा गोऱ्यांचा, आपल्या लोकांना 25 लाच लठ्ठ धरतात, आपली चरबी नेमकी पोटात साठते आणि डायबेटिस लवकर गाठतो. मी विचारलं, जर्मनीला शिफ्ट झालो तर? "पोट इथलंच ना काका."

पाच टक्के उतरलं तरी बीपी-शुगरला फरक पडतो म्हणाली, म्हणजे चार किलो. पण घरात आई दीक्षितवाली, दोनदाच जेव आणि 55 मिनिटांत आटप, बायको दिवेकरवाली, थोडं थोडं खा, तूप सोडू नको. मी कोणालाच दुखवत नाही, दोनदा पोटभर जेवतो आणि मधे थोडं थोडं खातो. शिवाय एकादशी असतेच, साबुदाणा खिचडी, वर दाण्याचं कूट.

दीड महिन्यात 800 ग्रॅम उतरले, तेही बहुतेक पायांचे, कारण 34 वाली आता घसरायला लागली. शेवटी ठरवलं, पँट बेंबीवर घालायची. दुकानात जाऊन मालकाच्या कानाशी हळूच म्हटलं, "40 आहे का?" त्याने मान वर करून माळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारली, "अरे, साहेबांसाठी 40 टाक रे! नको, थांब, 42 पण टाक!"