तो ओहमवाला फॉरवर्ड अर्धवट आहे

परत तो मेसेज फिरतोय, "जितके ओहम जास्त तितका हेडफोन भारी, ३२ ओहमवाला म्हणजे खेळणं." अरे बाबांनो, ओहम म्हणजे क्वालिटीचे मार्क नाहीत, तो फक्त इम्पीडन्स आहे (हेडफोन विजेच्या प्रवाहाला करतो तो अडथळा), म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच आवाजासाठी व्होल्टेज किती लागणार आणि करंट किती ते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो घ्या ना, तोच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहममध्ये विकत आलाय, मग ३२वाला खेळणं कसा झाला?

आणि नुसत्या ओहमवरून फोनवर चालेल की नाही तेही कळत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या सिग्नलवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो, ती पण बघावी लागते. सेनहायझर एचडी ६०० आहे ३०० ओहमचा, पण शांत खोलीत साध्या डोंगलवर (फोनच्या चार्जिंग पोर्टला लावायचा हेडफोन जॅकचा छोटा अडॅप्टर) बऱ्यापैकी वाजतो. उलट हायफायमॅनचा एचई-६ फक्त ५० ओहमचा, तरी सेन्सिटिव्हिटी इतकी कमी की फोन हात टेकतो, चांगला दणकट अ‍ॅम्पच (सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) लागतो त्याला.

कमी ओहमवाल्यांची भानगड वेगळीच आहे. १६ ओहमचे इअरफोन जुन्या अ‍ॅम्पच्या जॅकला लावले आणि त्या जॅकचा स्वतःचाच आउटपुट इम्पीडन्स भरपूर असला तर बेस फुगू किंवा बसू शकतो, मग लोक शिव्या घालतात इअरफोनला. जॅकचा इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या साधारण आठव्या भागापेक्षा कमी असला की टेन्शन नाही.

ब्लूटूथवाल्यांनी तर हे सगळं सोडूनच द्या, अ‍ॅम्प आतच असतो.